सात नंबरचा बाण

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

डायरी लिहायची मला सवय नाही. चौदा वर्षं न्हावा शेव्याच्या एका यार्डात वजनकाट्यावर आहे. ट्रेलरचा नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, एवढं लिहायलाच हात बसलाय. स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की पेन अडतं. पण दसऱ्यापर्यंत जे जे करीन ते लिहून ठेवायचं ठरवलंय. चुकलो तर कुठे चुकलो ते तरी कळेल.

प्रकरण असं. उरणजवळच्या आमच्या पाणखारी गावात दसऱ्याला सूर्य बुडाला की आम्हा घरतांच्या घरातला एक पुरुष गावदेवीच्या पायरीवरून खाडीपलीकडच्या बांधावर बाण मारतो. अंधार पडत असतो, बाण कुठे गेला ते कुणाला दिसत नाही. मग दोघं जण होडीने पलीकडे जातात, गवतात शोधतात आणि बाण घेऊन येतात. त्यानंतर गाव सोनं वाटायला मोकळं. बाण बांधात रुतलेला मिळाला की वर्षभर बांध टिकला. मिळाला नाही म्हणजे पाण्यात पडला, मग धनुष्य देवीपुढे ठेवायचं आणि मान सोडायचा. आजोबांनी एकतीस वर्षं मारला, बाबांनी बेचाळीस. एकदाही पाण्यात पडलेला नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता ते आमच्या सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या पलंगावर पडून असतात. त्यामुळे यंदा मान माझ्याकडे. मी पंचेचाळीस वर्षांचा, मूलबाळ नाही, माझ्यामागे कुणी नाही. शेतीही राहिलेली नाही, बांध आता कशाला राखतो ते देवीलाच ठाऊक. पण बाबांच्या डोळ्यांदेखत माझ्या हातून मान जायला नको. बाकी काही मागणं नाही.

अडचण बाणांची आहे. बाण करून द्यायचा तो डोंगराकडच्या कातकरवाडीतला म्हातारा गेल्या पावसात वारला. दरवर्षी नवरात्रात तो दोन बाण आणून द्यायचा, एकासारखा एक. त्याच्या पोरांना ते येत नाही, ती बांधकामावर जातात. शेवटी मी ऑनलाइन कार्बनचे डझनभर बाण मागवले. काळे, गुळगुळीत, लाल पिसांचे. बाबांना दाखवले तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

२४ ऑगस्ट, रविवार

आज गावच्या जुन्या मिठागराच्या बांधावर जाऊन पहिला बाण मारला. बाण सुटला आणि धनुष्याने असा आवाज केला की माझ्या दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. मुठीच्या वर बांबूची एक बारीक सळ उठलीय. आजोबांच्या वेळचं धनुष्य, पहिल्याच बाणाला ही गत.

संध्याकाळी नेरूळला अभिरामकडे गेलो. तो तिथे मैदानाच्या कोपऱ्यात तिरंदाजी शिकवतो, लाकडी धनुष्यावरही त्याचा हात आहे. त्याने सळीवरून बोट फिरवलं, बाण तळहातावर तोलला आणि हसला.

"दादा, हा बाण या धनुष्याला नाही चालणार. खूप हलका आहे."

"हलका म्हणजे बरंच ना? लांब जाईल."

"जाईल. पण बाणाने जो जोर उचलायचा तो त्याने उचललाच नाही, तर जाणार कुठे? धनुष्यातच राहणार. असे पंधरा-वीस मारलेत ना, मधून मोडेल. वजन घाला बाणात."

कसं घालायचं तेही त्याने सांगितलं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार असते ती पोकळ दांड्यात टोकापासून शेपटापर्यंत सरकवायची. नुसतं टोक जड केलं तर दांडा सुटताना जास्त वाकतो आणि बाण फडफडत जातो. वजन सगळीकडे सारखं हवं.

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको, असं मनात आलं.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपतीत आठवडा गेला. काल विसर्जन, आज कामाला लागलो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला. सोसायटीच्या माळ्याकडून तार आणली. जेवणाच्या टेबलावर बाण मांडून एकेक भरला आणि पिसांजवळ पांढऱ्या पेनने नंबर घातले. एक ते चार रिकामे, बावीस ग्रॅम. पाच-सहा पंचवीस. सात ते दहा भरलेले, एकोणतीस. अकरा-बारा राखीव ठेवलेत.

आई समोर बसून बघत होती. "दिसाला समदे सारकेच दिसतान," म्हणाली.

"दिसतात सारखे. वजन वेगळं आहे."

"त्यो आकडा पुसता येतंय का?"

"कशाला पुसायचा? मग कळणार कसं कुठला कुठला?"

सत्तर वर्षांची बाई, तिला आकड्यांचं काय.

बायकोने, वैशालीने, तारेचे तुकडे केरात भरताना एवढंच म्हटलं, "चौदा टन वीस टन करून घरी येतोस आणि इथे ग्रॅम मोजतोस." तिचं बरोबर आहे. पण मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी माझ्या हातात आहे असं वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार

हातात आहे हे वाटणं संपलं.

मिठागराच्या बांधावर टेप लावून मोजलं. देवळाच्या पायरीपासून पलीकडच्या बांधापर्यंत मोबाइलच्या नकाशावर एकशे बासष्ट मीटर आहे. एकोणतीस ग्रॅमचा बाण गेला एकशे अठ्ठावीस. धनुष्य शांत, हाताला धक्का नाही, अभिराम म्हणाला तस्संच. पंचवीसचा गेला एकशे अडतीस. रिकामा बावीसचा एकशे एकोणपन्नास, आणि सळ अजून थोडी उठली.

म्हणजे वजन घातलं की धनुष्य वाचतं आणि बाण पाण्यात पडतो. वजन काढलं की बाण थोडा पुढे जाऊन पाण्यातच पडतो आणि धनुष्य मरतं.

दोष माझ्यात असणार. बाबा इतके ओढत होते की दोरी कानामागे जायची, असं गावात सगळे सांगतात. मी हनुवटीपर्यंत ओढतो, पुढे खांदा थरथरतो. उद्यापासून सकाळी रबर ओढायचा व्यायाम.

१४ सप्टेंबर, रविवार

आज एक केलं ते करायला नको होतं. गेल्या दसऱ्याचा बाण देव्हाऱ्यामागे उभा असतो, होळीत घालायचा तो यंदा बाबांच्या आजारपणात राहून गेला. कातकऱ्याने केलेला, लोखंडी टोकाचा. तो काट्यावर ठेवला. एकेचाळीस ग्रॅम. माझ्या सगळ्यात जड बाणापेक्षा बारा ग्रॅम जास्त.

तो घेऊन मिठागरावर गेलो. गेला एकशे चार मीटर. तीनदा मारला. एकशे चार, एकशे दोन, एकशे पाच.

हाच बाण बाबांनी गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एकशे बासष्ट मीटरवर मारला. याच धनुष्याने.

घरी येऊन आईला विचारलं, "आये, पूर्वी खाडी अरुंद होती का गं?"

"खाडी हाय तवरीच हाय."

"मग बाबा कसे मारायचे?"

तिने विळीवरून मान वर केली नाही. कोलंबी सोलत होती. "मारनाऱ्यानी माराचा. मिलाचा तो मिलतो."

"आणि म्हातारा दोन बाण द्यायचा ना? एक हा. दुसरा कुठाय?"

"पान्यात गेला."

म्हणजे बाबांनी सरावात मारला असणार. बाबा सराव करतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आपल्या बापाबद्दल माणसाला किती कमी माहीत असतं. सोनाराचा काटा मात्र मी परत तपासला, दहा रुपयाचं नाणं ठेवून. काटा बरोबर आहे. नाण्याला बरोबर आणि बाबांच्या बाणाला चूक असं कसं होईल, पण होतंय खरं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

व्यायामाने खांदा धरलाय. यार्डात पावती फाडताना हात वर जाईना.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांसमोर धनुष्याला दोरी चढवून दाखवली, म्हटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी डावा हात उचलला आणि आईकडे बोट केलं. मी समजलो पाणी हवंय. आईने भांडं आणलं तर ढकलून दिलं. परत आईकडे बोट, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. आई पदराने त्यांचं तोंड पुसत म्हणाली, "हव हव, कललां मना. तुमी नका तरास करू." बाबांचे हातवारे फक्त तिलाच कळतात. मला विचारायचा धीर होत नाही.

नंतर ती माझ्यामागे आली. "कनचा बान मारनार तू?"

"ठरलं नाही अजून."

"ठरल तवा मना सांग. आन तसाच दुसरा मना दे."

"तुला कशाला?"

"देवाजवल ठेवाला."

दिला असता, पण प्रत्येक बाणाला नंबर आहे, वजन आहे, सेट मोडतो. नंतर देतो म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पाणखारीत गेलो होतो. पलीकडच्या बांधाच्या मागे कुणाच्या तरी गोदामासाठी भराव टाकतायत. डंपर आमच्या देवळापर्यंत ऐकू येतात. उघाडीच्या बाजूने, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं जुनं दार आहे तिथून, ओहोटीला बांधावर चालत जायची वाट होती. तिथे आता दोन माणूस उंचीचे निळे पत्रे ठोकलेत. देवळाच्या कमिटीतला निशांत म्हणाला की दिवाळीनंतर बांधही जाईल भरावात. म्हणजे माझी ही पहिली आणि शेवटची पाळी. एकच बाण. तो तरी लागू दे.

घरी जेवताना हे सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"पत्र्यांत वाट ठेवलीन का?"

"कसली वाट? सगळं बंद. आता होडीनेच जायचं, भरती आल्यावर."

"सुकतीला?"

"ओहोटीला नुसता चिखल. तुला काय करायचंय पलीकडे?"

"मी दसऱ्याला जातंय ना. खुबं काराला."

हे खरं आहे. मला आठवतंय तेव्हापासून दसऱ्याच्या दिवशी ओहोटीला आई टोपली घेऊन पलीकडच्या बांधाकडे खुबे काढायला जायची. घरात पुरणपोळ्यांची घाई, आणि हिला खुबे. त्या दिवशी आमच्याकडे ते शिजवतसुद्धा नसत. आजीही तशीच होती म्हणे. घरतांच्या बायकांचं हे एक वेडच.

वैशालीने विचारलं, "खुबे म्हणजे काय हो आई?" आई म्हणाली, "काय नाय, शिंपल्या." वैशालीशी तिचं वाकडं नाही, पण अठरा वर्षं झाली तरी गावच्या गोष्टी ती तिला सांगत नाही. वैशाली साताऱ्याची. आईच्या लेखी ती अजून घाटावरची आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

ठरलं. रिकामा बाण मारणार. तीन नंबर, बावीस ग्रॅम. महिनाभर तार घातली, काढली, कापली, टोकं बदलली, पंचवीसचे तेवीस केले, मागचं वजन पुढे नेलं. सगळं करून आकडा एकशे पन्नासच्या पुढे सरकत नाही. राहिलेले बारा मीटर वारा देईल, देवी देईल, नाहीतर बाबांचं पुण्य देईल. वजनाच्या माणसाने असं लिहावं याची मला लाज वाटते.

अभिरामला फोन केला. त्याने सगळे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाला, "दादा, सॉरी, पण या धनुष्यातून एकशे साठ कुठल्याच बाणाने जात नाही. नवीन असताना पण नसेल गेलं. तुमच्या घरच्यांनी मारलाय म्हणता म्हणून मी गप्प होतो."

मी फोन ठेवला. चांगला मुलगा आहे, पण तो पनवेलचा, त्याला पाणखारी काय माहीत. बेचाळीस वर्षं अख्ख्या गावाने बाण परत येताना पाहिलाय. त्यातली वीसेक वर्षं मी स्वतः पाहिलाय, टोकाला ओला चिखल असलेला.

१ ऑक्टोबर, बुधवार

आईशी भांडलो. लिहून ठेवतो.

ती सकाळपासून मागे लागली होती. "मना उद्या दुपारच्या आदी गावाला ने. दोनला सुकती हाय. तवा मी थय पायजे."

मी म्हटलं, आपण चारला निघणार. मला सकाळी खांद्याला शेक द्यायचाय, पूजा करायचीय, गाडी दुपारी यार्डाची माणसं घेऊन जाणार आहे ती साडेतीनला येईल. आणि तिच्या गुडघ्याला डॉक्टरने जिने चढू नका म्हटलंय, ती चिखलात उतरणार.

"दिप्या, मी कवा काय मांगलां नाय तुझ्याकड."

"आये, आयुष्यात एकदाच माझ्यावर वेळ आलीय आणि तुला खुबे सुचतात? नेरूळच्या बाजारात ढिगाने मिळतात. हवे तेवढे आणून देतो."

ती बाबांकडे बघायला लागली. बाबांनी डावा हात दोनदा पलंगावर आपटला, ने, ने, असा. म्हणजे मला धीर देत होते, पुढे जा म्हणून. मी त्यांच्या पाया पडलो. मला रडू आवरेना. आईने तोंड फिरवलं.

टेबलावर बाण मोजले तर सात नंबर नाही. बाकी अकरा आहेत. मिठागरावर गवतात राहिला असणार. भरलेला होता, त्यामुळे काही बिघडत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पाण्यात पडला.

आता सगळं क्रमाने लिहितो. दुपारी बाराला आई खालच्या देवळात जाते सांगून पिशवी घेऊन गेली. दीड वाजला तरी परत नाही, फोन घरीच. वैशालीने अख्खी सोसायटी पालथी घातली. मला वाटलं आता हे काय नवीन. तीनला निशांतचा गावाहून फोन, तुझी आई इथे उघाडीशी बसलीय, म्हणून. एकटी लोकलने उरणकडे गेली, स्टेशनपासून रिक्षा केली, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात उतरली. वैशाली बाबांपाशी थांबली, मी धनुष्य घेऊन निघालो.

पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते आणि पाणी चढायला लागलं होतं. आई पत्र्यांच्या बुडाशी दगडावर बसलेली. साडी मांडीपर्यंत चिखलाने भरलेली, गुडघा सुजून टम्म, पिशवी छातीशी धरलेली. पत्र्याच्या कडेने जायला बघितलं असावं, दोन्ही तळवे कापले होते. माझा पारा चढला. सगळ्या गावासमोर मी तिला बोललो. खुब्यांसाठी, या वयात, आजच्या दिवशी.

"वाट नाय ठेवलीन रं," ती म्हणाली. "एक बी फट नाय."

मी तिला उचलून देवळाच्या ओट्यावर बसवलं. तिने माझं मनगट पकडलं. कापलेल्या हाताने, रक्त लागलं माझ्या सदऱ्याला.

"आज मारू नको. हात दुखतंय बोल. ताप आलाय बोल. मी बोलतंय कमिटीवाल्यांना."

"एवढाही विश्वास नाही तुझा माझ्यावर?"

"तसा नाय रं. तुला म्हायत नाय."

"मला सगळं माहीत आहे. दीड महिना दुसरं काय करतोय?"

तिने मनगट सोडलं.

सूर्य बुडाला. गाव म्हणजे चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी मोबाइल वर धरून. मी तीन नंबर लावला, बाबांसारखा कानामागे ओढला. खांद्यात काहीतरी सरकलं. बाण सुटला आणि त्याच क्षणी धनुष्य मुठीवर मोडलं. वरचा अर्धा भाग दोरीला लोंबकळत माझ्या गालावर बसला. बाण गेल्यावर मोडलं, त्यामुळे धनुष्य मोडलं म्हणून बाण पडला असं म्हणायची सोय नाही.

होडी गेली. दोन बॅटऱ्या पलीकडच्या गवतात फिरत राहिल्या. पूर्वी पाच-सात मिनिटांत हाळी यायची. आज अर्धा तास झाला. लोकांनी आधी बोलणं थांबवलं, मग हळूहळू पुन्हा सुरू केलं. होडी आली तेव्हा दोघं खाली बघत होते. निशांत म्हणाला, "नाय मिळाला, दादा. सगळा बांध बघितला."

मी आईकडे बघितलं. ती होडीकडे बघतच नव्हती. तिने पिशवीवर पदर ओढून घेतला होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रजा टाकली. गालाला तीन टाके.

बाबांना सांगू नको असं आईने म्हटलं होतं, पण मी सांगितलं. खोटं बोलून त्यांच्यासमोर कसा बसणार होतो. म्हटलं, बाबा, पाण्यात पडला. माझ्या हातून पडला. तुमचं धनुष्यही मोडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, हवेत वर नेला, कमानीसारखा, आणि मध्येच खाली चादरीवर टाकला. मग स्वतःच्या छातीवर थोपटलं. परत हात वर, परत मध्येच चादरीवर, परत छाती. पाच-सहा वेळा केलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून नुसता घोगरा आवाज.

मी समजलो. बाण पडला तो इथे लागला, असं म्हणत होते. मी म्हटलं, समजलं बाबा. त्यांनी जोरात मान हलवली, नाही, नाही, आणि परत तेच. आईने येऊन तो हात धरून ठेवला. "रावद्या," म्हणाली, "रावद्या आता."

यापुढे मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकेन असं वाटत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पाणखारीत जाऊन मोडलेलं धनुष्य देवीपुढे ठेवलं. मान पुढे कोण घेणार असं कमिटीने रीतीप्रमाणे तीनदा विचारलं. कुणी घेतला नाही. कुणी वाईटही बोललं नाही, तेच जास्त लागलं. एकाने तर पाठीवर हात ठेवून सांगितलं, बरं झालं, सुटलास. पलीकडे रविवारीही डंपर चालू होते.

संध्याकाळी आईने मला जवळ बसवलं. हाताला पट्ट्या, गुडघ्याला पट्टा.

"दिप्या, तुला येक सांगाचा हाय. तू पयला नाय. माझी सासू मना लगीन झाल्या वरसालाच घेऊन गेली व्हती पलीकड, आन—"

"आये, नको." मला कळलं होतं ती काय करणार. आईला दुसरं काय येतं, पोराला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगणार. आजीच्या वेळी असं झालं होतं, तसं झालं होतं. मी म्हटलं, "मला खोटा धीर नको. आजोबांचं आणि बाबांचं नाव आहे तसं राहू दे. माझ्यासाठी त्यांना खाली ओढू नकोस."

तिने हातावरची सुटलेली पट्टी आवळली. मग म्हणाली, "बरा. ऱ्हाला."

नंतर ती स्वयंपाकघरात वैशालीजवळ जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. अठरा वर्षांत या दोघी इतका वेळ बोलल्याचं मला आठवत नाही. वैशाली बाहेर आली तेव्हा रडलेली दिसत होती. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "दीपेश, ऐक ना—" तोच आतून आई म्हणाली, "नको गो. त्याचे बापासाठी." वैशालीने माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. मला तेवढंही सहन होईना. माझ्या नामुष्कीवर आता घरातल्या बायका एकत्र बसून रडतायत.

बाण आवरून ठेवताना आईच्या पिशवीत एक सापडला. जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेला, टोकाला वाळलेला चिखल, पिसांजवळचा आकडा घासून पुसलेला. काट्यावर ठेवला. एकोणतीस ग्रॅम. म्हणजे सात नंबर. मिठागरावर राहिला नव्हता तर. तिने देवाजवळ ठेवायला म्हणून उचलला असणार, बिचारीने मागितला होता आणि मी दिला नव्हता. चिखल कुठून लागला कोण जाणे, पडली असेल तेव्हा लागला असेल.

आजोबा एकतीस वर्षं, बाबा बेचाळीस वर्षं, मी एक वर्ष आणि तो पाण्यात. घरतांमधला पहिला मीच.

बाण नळाखाली धुतला, कोरडा केला, पांढऱ्या पेनने त्यावर पुन्हा सात लिहिलं आणि बाकीच्यांबरोबर खोक्यात ठेवला.